बोट आवरली तो शुक्रवार

आमची बोट आमची नव्हती. परदेशी माणसाच्या नावावर बोट करून घ्यायची म्हणजे इतक्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत की त्यापेक्षा पोहत जाणं सोपं. म्हणून ती कागदोपत्री आमच्या हॉस्पिटलातल्या एका सौदी अधिकाऱ्याची होती. हा गृहस्थ कर्मचारी विभागाचा प्रमुख. आमचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, आमच्या रजा, आमची मायदेशी जायची तिकिटं, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. जन्म समुद्राकाठचा, पण बोट जरा हलली की त्याला मळमळायला लागायचं. तेव्हा नाव त्याचं आणि वापर आमचा, असा सोयीचा मामला होता. मासे मिळाले तर त्यातले चांगले मोठे त्याच्या घरी पोचवायचे, एवढंच.

गाव तांबड्या समुद्रावरचं, तबूकपासून गाडीने दोनेक तास. हॉस्पिटल बेताचं. तिथं माझा नवरा सर्जन आणि मी भूलतज्ज्ञ. मराठी माणसं आम्ही दोघंच. मुलगी पुण्याला वसतिगृहात. म्हणजे सकाळी ऑपरेशन टेबलाशी आम्ही दोघं, दुपारी जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोघं, आणि सुट्टीच्या दिवशी त्या एवढ्याशा बोटीच्या दोन टोकांना पुन्हा आम्हीच. माहेरी फोन केला की मी सांगायचे, सात जन्मांचं सगळं याच जन्मात उरकतंय, पुढचे सहा मी मोकळी.

नवरा बोट घ्यायची म्हणाला तेव्हा मी बरीच कटकट केली होती. मग पहिल्याच फेरीत किनाऱ्यावरची चौकी नजरेआड झाली, तसा हा उठला, पुढे जाऊन बसला आणि म्हणाला, "घे, चालव." गावात मला गाडी चालवायला बंदी होती. साधी कोथिंबीर आणायची तरी याला नाहीतर हॉस्पिटलच्या ड्रायव्हरला हाक मारायची. आणि इथं अबाया कमरेला खोचून मी मागच्या इंजिनाचा दांडा धरून बसले होते आणि बोट मी म्हणेन तिकडे जात होती. मी कोकणात खाडीकाठी वाढले, पण होडी म्हणजे ज्यांचा धंदा आहे त्यांनी चालवायची गोष्ट. आमच्या घरातल्या बायका फार तर तरीतून पलीकडे जात. मी सौदी अरेबियात बोट चालवते हे माझ्या आईला काही खरं वाटलं नाही. ती म्हणायची, "थापा कमी मार."

माझ्या माहेरी होड्या पावसाआधी वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात. इथं पाऊस नावाला, पण डिसेंबर लागला की उत्तरेकडून असा वारा सुटतो की लहान बोटीला समुद्र उभंच करत नाही. तो मार्चपर्यंत. म्हणून दर डिसेंबरात बोट ट्रेलरवर चढवून आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात आणायची आणि इंजिन आवरून ठेवायचं. इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका थंड देशांतल्या लोकांसाठी लिहिलेली होती. तिच्यात पाणी गोठण्याच्या, इंजिन तडकण्याच्या सूचना पानोपानी. आमच्याकडे पाणी गोठायचं नाही. पण खारी हवा आणि बारीक रेती यांनी तीन महिन्यांत इंजिनाचं लोणचं होतं, त्यामुळे माझा नवरा ती पुस्तिका ओळ न ओळ पाळायचा.

आणि पाळायचा तेही ऑपरेशन थिएटरातल्यासारखं. जुना हिरवा कपडा अंगणात अंथरायचा, त्यावर पाने, स्क्रू ड्रायव्हर, तेलाचे डबे क्रमाने मांडायचे. मग इंजिनाकडेच बघत हात मागे करायचा. काही बोलायचं नाही. मी त्या हातात योग्य वस्तू ठेवायची. चुकीची ठेवली की हात तसाच उघडा राहायचा, वस्तू परत उचलेपर्यंत. "मी भूल देणारी बाई आहे, हत्यारं द्यायला नर्स ठेव," हे मी दर वर्षी ऐकवायचे आणि दर वर्षी मुकाट्याने द्यायचे. शेवटी ताडपत्री बांधताना हा एका हाताने सर्जनच्या गाठी मारायचा. त्या गाठी इतक्या पक्क्या की मार्चमध्ये कुणाच्या बापाला सुटत नसत. आम्ही दोऱ्या कापायचो आणि नव्या आणायचो.

त्या वर्षी मला बोटीचं काही सुचत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे होतं.

रमजान संपता संपता मला पहिल्यांदा ते दिसलं. हा टीव्हीवर बातम्या बघत बसला होता, हात मांडीवर टेकलेला, आणि अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, कणकेची बारीक गोळी वळावी तशी. मी म्हटलं, "काय वळतोयस?" त्याने हात उशीखाली घेतला आणि बातम्यांचा आवाज वाढवला. मग मला दिसतच गेलं. समुद्रावर चालताना डावा हात हलायचा, उजवा शिवल्यासारखा अंगाशी. शर्टाची बटणं लावायला वेळ. चेहरा जरा कोरा झालेला, विनोद केला की तोंड हसायचं, डोळे मागून यायचे. आम्हा डॉक्टरांना नाव लगेच सुचतं, आणि एकदा सुचलं की ते परत घेता येत नाही. कंपवात. मला सुचलं म्हणजे त्यालाही सुचलंच असणार. पण तो बोलला नाही आणि मीही नाही. रोज एकाच टेबलावर जेवून दोघांनी एकच गोष्ट न बोलणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं.

हा आजार लबाड आहे. हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लागला की थरथर कमी होते. त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी हात शांत दिसायचा आणि त्याला स्वतःची समजूत घालता यायची. पण मी रुग्णाच्या डोक्याशी बसते. पडद्यावरून मला हात दिसतात आणि घड्याळही दिसतं. पूर्वी ज्या ऑपरेशनला मी भूल बेताने द्यायचे, कारण हा झपाट्याने आटपायचा, त्याला आता भूल लांबवावी लागत होती. गाठ मारताना दोरा एकदा हातून निसटला, मग दुसऱ्यांदा. तो दोऱ्यावर चिडला. नवीन कंपनीचा माल भिकार आहे म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं. एरवी मी हे तोंडावर म्हटलं असतं. तेव्हा मला रडू आलं आणि मास्क होता म्हणून निभावलं.

आणि शनिवारी सकाळी त्या अधिकाऱ्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. तिला गलगंड होता, चांगला लिंबाएवढा, गिळताना लागायचा. ती मुलींच्या शाळेत कुराणपठण शिकवायची. थायरॉइडच्या मागून आवाजाची नस जाते, शिवायच्या दोऱ्याएवढी. तिला धक्का लागला की माणसाचा आवाज बसतो, कधी कायमचा. तिच्या नवऱ्याने मनात आणलं असतं तर तिला तबूकला, रियाधला, कुठंही नेलं असतं. पण त्याचं एकच, माझ्या दक्तूरशिवाय मी हिला कुणाच्या हाती देणार नाही. तो जाईल तिथं माझ्या नवऱ्याच्या हाताचं कौतुक करायचा.

बुधवारी मी तिला तपासायला गेले. खोलीत आम्ही दोघीच होतो, तिने बुरखा बाजूला केला होता. माझ्याहून लहान, गोल चेहऱ्याची, बोलकी. तिने माझा हात धरून विचारलं, "माझा आवाज राहील ना, दक्तूरा?" इतकी वर्षं त्या देशात राहून मी 'इन्शाल्ला' हजारदा म्हटलं असेन. उत्तर चुकवायला म्हणून ते पहिल्यांदाच म्हटलं. तिचं समाधान झालं. माझं झालं नाही.

गुरुवार-शुक्रवार तेव्हा सुट्टी असायची. गुरुवारी बोट अंगणात आणून ठेवली आणि शुक्रवारी सकाळी आम्ही इंजिन आवरायला घेतलं. वारा सुटला होता. कंपाउंडच्या भिंतीवरून रेती येत होती आणि आकाश मळकट होतं. मी सकाळपासून ठरवत होते की आज बोलायचं. चहा झाला की बोलू. कपडा अंथरला की बोलू. असं करत करत त्याने नळाची नळी इंजिनाला जोडलीसुद्धा.

गोड्या पाण्याने इंजिन आतून धुऊन काढलं. मग पेट्रोलची नळी काढून टाकली आणि हा चालू इंजिनात तेलाचा फवारा मारायला लागला. इंजिन खोकलं, पांढरा धूर अंगणभर झाला आणि ते बंद पडलं. इथपर्यंत ठीक चाललं होतं. फक्त तेलाचा डबा त्याने डाव्या हातात धरला होता आणि उजवा खिशात होता. माझा नवरा अंगाने, मनाने आणि हट्टाने पूर्ण उजवा माणूस आहे. गिअरचं तेल बदललं. जुनं तेल मधासारखं स्वच्छ निघालं, म्हणजे आत पाणी शिरलं नव्हतं. "बघ," तो म्हणाला, "अजून दहा वर्षं काही होत नाही याला." मी हूं म्हटलं.

मग स्पार्क प्लग. तीन असतात. ते काढायचे, भोकांतून आत थोडं थोडं तेल सोडायचं, चाक हाताने फिरवायचं म्हणजे तेल सगळीकडे लागतं, आणि प्लग परत बसवायचे. काढणं सोपं. बसवायचं मात्र आधी नुसत्या बोटांनी. आटे जुळले की प्लग आपणहून आत जातो, शेवटी जरासा पाना लावायचा. आटे न जुळता पान्याने जोर केला की प्लग तिरपा घुसतो, आणि इंजिनाचं डोकं मऊ धातूचं असल्यामुळे त्याचेच आटे कापले जातात. हे मला त्यानेच शिकवलेलं. आपल्या हाताखालच्या तरुण सर्जनांना तो एक वाक्य नेहमी ऐकवायचा, जे बोटांना कळलं नाही ते जोराने करायला जाऊ नका. इंजिनालाही तेच लागू, असं तो मला सांगायचा.

प्लग काढून, तेल सोडून झाल्यावर त्याने हात मागे केला. मी पहिला प्लग ठेवला. तो घ्यायच्या आधीच हात थरथरला आणि प्लग कपड्यावर पडला. मी उचलून पुन्हा दिला. त्याने तो भोकाशी धरला. फिरवला, सुटला. फिरवला, सुटला. वाकून, जीभ दातांत धरून, लहान मुलं सुईत दोरा ओवतात तसं त्याचं चाललं होतं. शेवटी तो बसला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि वारा तर असा गार होता की मी शाल घेतली होती.

दुसरा प्लग बोटांनी अर्धा वळसा गेला आणि अडला. त्याने तो काढायला हवा होता. त्याऐवजी त्याने पाना घेतला.

"थांब," मी म्हटलं.

त्याने पाना फिरवला. कर्र असा बारीक आवाज झाला. वाऱ्यातही मला तो ऐकू आला. त्याने अजून एकदा फिरवला, जणू आवाज माझ्याच कानात झाला होता. मग थांबला. हळूहळू उलटा फिरवून प्लग काढला. आट्यांना धातूचा चमकदार कीस चिकटला होता. तो कीस त्याने अंगठ्याने पुसला आणि बघत राहिला. मी इतकी वर्षं त्याला ओळखते, ऑपरेशनमध्ये रक्ताची चिळकांडी उडाली तरी याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. त्या किसाकडे बघताना त्याची हनुवटी थरथरत होती.

मग त्याने तिसरा प्लग कपड्यावरून स्वतः उचलला आणि माझ्यापुढे धरला. इतक्या वर्षांत वस्तू माझ्याकडून त्याच्याकडे गेली होती, ही पहिलीच त्याच्याकडून माझ्याकडे आली.

"तू लाव," तो म्हणाला.

मी लावला. एका दमात बसला. बसायला नको होता असं मला वाटलं. दोन-चारदा तरी सुटायला हवा होता, म्हणजे त्याला जरा बरं वाटलं असतं. तो माझ्या बोटांकडे बघत होता.

तेव्हा मी बोलले. जे इतके दिवस जमवून, साखर पेरून बोलायचं ठरवलं होतं, ते तोंडातून धोंड्यासारखं पडलं. "उद्याच्या केसला मी भूल देणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तू करणार असशील तर देणार नाही."

तो उठून उभा राहिला. "काम करताना थरथरत नाही माझा हात. तू बघतेस ना रोज?"

"आत्ताही प्लग फिरवताना थरथरला नाही. तरी आटे गेले."

"इंजिन म्हणजे माणूस नव्हे."

"तेच म्हणतेय मी."

तो अंगणात दोन येरझाऱ्या घालून आला. उजवा हात अंगाशी, हलत नव्हता. "कधीपासून कळलंय तुला?"

"रमजानपासून."

"मला उन्हाळ्यापासून," तो म्हणाला. "दाढी करताना."

हे ऐकून मला दया यायला हवी होती. मला राग आला. आम्ही उन्हाळ्यात सुट्टीला घरी गेलो होतो, मुलीला भेटलो होतो, तिच्या मैत्रिणींना आमरस खायला घातला होता, आणि हा त्या सगळ्यात एकटाच हे घेऊन फिरत होता. मी म्हटलं, "आणि मी काय शेजारीण होते का?"

"सांगितलं असतं तर तू आजच्यासारखंच म्हणाली असतीस." ते खरं होतं. "मुलीचं शेवटचं वर्ष होऊ दे म्हटलं. एवढं एक वर्ष. ज्या दिवशी सर्जन म्हणून उभा राहणार नाही त्या दिवशी खुरूज निहाई, कायमचं देशाबाहेर, खलास. मला दुसरं काय येतं? मी घरी जाऊन करू काय?"

"त्या बाईने मला विचारलं," मी म्हटलं, "आवाज राहील ना म्हणून."

"आणि तू काय सांगितलंस?"

"इन्शाल्ला."

तो हसल्यासारखं करून परत इंजिनापाशी बसला. मग हळूच विचारलं, "मी ऐकलं नाही, उद्या गाऊन घालून उभा राहिलो, तर तू डायरेक्टरकडे जाशील?"

"हो."

"माझ्याविरुद्ध?"

"हो," मी म्हटलं. मी बोटीच्या कडेला टेकून उभी होते. आम्ही खूप भांडलेलो आहोत, स्वयंपाकावरून, त्याच्या भावांवरून, माझ्या जिभेवरून. पण मी त्याला भिडले आणि जिंकायची इच्छा नव्हती असं एकदाच झालं.

मशिदीतून जुम्म्याचं प्रवचन संपल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने फाटकाची घंटा वाजली. मी अबाया चढवला, डोक्यावरून घेतलं आणि दार उघडायला गेले. कोण असणार ते माहीतच होतं. शुक्रवारी नमाजानंतर तो अधिकारी त्याच्या घरचं जेवण घेऊन यायचा, आणि बोट आवरायचा दिवस असला तर मुद्दाम, कारण शेवटी बोट त्याची. पांढरा इस्त्रीचा पायघोळ थोब, हातात फॉइलने झाकलेलं भाताचं ताट. मला सलाम करून नेहमीसारखं जमिनीकडे बघत आत गेला.

मी चहा आणला तेव्हा तो बोटीशेजारच्या खोक्यावर बसून बोलत होता. इंजिनाकडे त्याचं लक्षही नव्हतं. एरवी तो हे काय ते काय विचारून भंडावून सोडायचा. माझ्या नवऱ्याने उजव्या हाताभोवती तेलकट फडकं गुंडाळलं होतं आणि तो मान हलवत होता.

"काल संध्याकाळच्या मगरिबपासून ती कुराण म्हणतेय," अधिकारी सांगत होता. आमचं बोलणं अरबी-इंग्रजी मिसळून चालायचं. "मोठ्याने. घरातल्या सगळ्या खोल्यांत फिरून. मी म्हटलं, बाई, आराम कर, गळा दुखेल. तर म्हणते, आज म्हणून घेते, उद्याचं अल्लाहला माहीत. मी तिला म्हटलं, वेडी आहेस. तुला माहीत नाही कुणाच्या हातात जातेयस." आणि तो माझ्या नवऱ्याकडे बघून हसला. हसताना त्याचे डोळे लाल दिसत होते. त्यालाही झोप नव्हती.

मी चहाचे पेले खाली ठेवले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहत होते. आता हा काही बोलला नाही तर शनिवारी सकाळी मला काय करावं लागेल ते मी मनातल्या मनात बघत होते. डायरेक्टरची केबिन, तिथली खुर्ची, माझं पहिलं वाक्य.

"उद्या ऑपरेशन नको," माझा नवरा म्हणाला.

"का? बरं नाही तिला? रिपोर्टमध्ये काही?"

"तिचं सगळं ठीक आहे. तबूकला नेऊ या. तिथल्या सर्जनला मी ओळखतो, चांगला आहे. मी आज बोलतो त्याच्याशी. तुमच्याबरोबर मीही येतो."

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. त्याला वाटलं हॉस्पिटलात कुणीतरी काहीतरी केलं. तो खोक्यावरून उठला. "कोण बोललं तुला? डायरेक्टर? कॉन्ट्रॅक्टचं काही बोलले? मला सांग, दक्तूर. तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्या टेबलावर आहे, मी आहे तोवर त्याला कुणी हात लावत नाही. तू फक्त उद्या ये."

"कुणी बोललं नाही."

"मग?"

नवरा उठला. त्याने हाताभोवतीचं फडकं सोडलं आणि ते बोटीच्या कडेवर टाकलं. काय सांगावं यासाठी तो शब्द शोधत असावा. इतक्या वर्षांचं अरबी, इंग्रजी, सगळं एकदम अपुरं पडलं असेल. त्याने उजवा हात त्या माणसापुढे धरला, तळवा वर करून. रिकामा.

अधिकाऱ्याला वाटलं तो हात मिळवतोय. त्या लोकांत मैत्रीत हात धरला की लगेच सोडत नाहीत, बोलणं संपेपर्यंत धरून ठेवतात. तसा त्याने धरला आणि पुढे बोलायला लागला, कॉन्ट्रॅक्टचं, डायरेक्टरचं. मग मध्येच गप्प झाला. खाली बघितलं. माझ्या नवऱ्याचा अंगठा त्याच्या मुठीत फिरत होता.

"थंडी वाजतेय का, दक्तूर?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने आपला दुसरा हातही त्यावर ठेवला आणि माझ्या नवऱ्याचा हात दोन्ही हातांत दाबून धरला, घट्ट, थरथर थांबेपर्यंत धरायचा अशा बेताने. चहा निवत होता. ताटावरचं फॉइल वाऱ्याने फडफडत होतं. तो अधिकारी खाली बघत उभा होता, जरा वेळाने थांबेल म्हणून. आम्ही दोघं डॉक्टर, ते थांबणार नाही हे आम्हाला माहीत होतं. तरी माझ्या नवऱ्याने हात सोडवून घेतला नाही आणि मीही त्याला काही सांगितलं नाही.